तुळशीची वाफ आणि मोडलेली सोयरीक

माझ्या चुलत दिराचा मी सूड घेतला, आणि त्याचं मला आजही बरं वाटतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्या पश्चात्तापाची वाट बघत बसायला नको.

मुरुमच्या बाजारात आमचं जडीबुटीचं दुकान आहे. शेजारचं किराणा दुकान त्याचं, आणि दोन्हींच्या मागं परस एकच. माझ्या नवऱ्याला जुना दमा. तो अडुळशाच्या पानाची विडी ओढायचा आणि मी त्यावरून त्याच्याशी भांडायची. शेवटी परदेशात नोकरीला असलेल्या माझ्या भावानं सुट्टीवर येताना त्याच्यासाठी एक यंत्र आणलं. मुठीत मावणारं, चार्जिंगवर चालणारं. आत बोटाच्या पेराएवढी वाटी, तिच्यात वाळलेला पाला चुरून भरायचा, किती तापवायचं ते बटणानं ठरवायचं आणि दिवा हिरवा झाला की नळीनं ओढायचं. पाला पेटत नाही, नुसता तापतो. तव्यावर ओवा भाजताना वास सुटतो पण धूर होत नाही, तसंच ते. पाल्यातलं तेल वाफ होऊन येतं आणि मागं तपकिरी चुरा उरतो, राख नाही. जास्त तापवलं तर मात्र पाला करपतो, मग विडी काय न् ते काय. आमच्या डॉक्टरांना ते मुळीच पसंत नव्हतं, पंपच घ्या म्हणाले. नवरा दोन्ही करायचा. संध्याकाळी परसात बसून तुळस-अडुळसा ओढायचा, आणि दीर त्याच्या मागच्या दारातून ते बघायचा.

आमच्याकडं सोयरिकीची माणसं एकदम घरी येत नाहीत. आधी शेजारच्या दुकानात शिरतात, किरकोळ काहीतरी घेतात आणि बोलता बोलता घराण्याची चौकशी करतात. शेजाऱ्यानं ‘डोळे झाकून सोयरीक करा’ म्हटलं की गोष्ट पुढं सरकते. माझ्या लेकीला कळंबचं स्थळ आलं होतं आणि मुलगा तिच्या मनात भरला होता. मुलाचे मामा दिराच्या दुकानात गेले, गूळ घेतला. दीर त्यांना म्हणाला, “पोरगी गुणाची हाय, पण बाप मशीनवर गांजा ओढतोय.”

कळंबहून पुन्हा फोन आला नाही. स्थळ आणलेल्या मध्यस्थानं मला शब्दन् शब्द सांगितला. लेक ‘जाऊ दे आई’ म्हणाली आणि माडीवर जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. मला तेव्हा दिराच्या तोंडात निखारा घालावासा वाटला होता.

अब्रुनुकसानीचा दावा लावायचा म्हणून मी यंत्र पिशवीत घालून उमरग्याला वकिलाकडं गेले. वकील म्हणाले, गांजाचा कायदा वेगळा, तुळशीला तो लागत नाही. पण ई-सिगारेटबंदीचा जो कायदा आहे, त्यात विजेवर काहीही तापवून वाफ ओढायचं साधन येतं, आत तंबाखू असो की तुळस. ते परदेशातून आणणं, विकणं, साठवणं गुन्हा. घरात स्वतःपुरतं ओढणाऱ्याला शिक्षा तिथं स्पष्ट लिहिलेली नाही, पण हे आलं कुठून, एवढं कुणी विचारलं की भाऊ अडकणार. म्हणजे दीर खोटं बोलून मोकळा, आणि मला खरं बोलायची चोरी. घरी आले, यंत्र खलात घातलं आणि बत्त्यानं कुटून टाकलं.

मग मी थांबले. दिराच्या मुलाचं लग्नाचं वय झालंच होतं. एक दिवस सीमेपलीकडची दोन माणसं आमच्या दुकानात आली, कानडीत बोलत. ज्येष्ठमध मागितला आणि शेजारचं घर कसं आहे म्हणून विचारलं. मुलगा सरळ आहे, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, मला सगळं माहीत होतं. मी ज्येष्ठमध जोखला, पुडी बांधली आणि म्हणाले, “तेवढं सोडून दुसरं काहीही विचारा.” आमच्यात याचा अर्थ शिवीपेक्षा वाईट होतो. ती दोघं एकमेकांकडं बघून उठली आणि शेजारी न जाताच गाडीत बसली.

दीर आला. पहिल्यांदाच तो माझ्या दुकानाच्या पायरीवर खाली मान घालून उभा होता.

“वहिनी, काय सांगितलंत त्यांना?”

“काहीच न्हाय भाऊजी. तुमच्यावानी बोलायला मला कुठं येतंय?”

त्याला सगळं कळलं. कळंबला जाऊन खरं काय ते सांगतो म्हणाला, आणि गेलाही. पण त्या मुलाचं दुसरीकडं ठरून गेलं होतं. परत येऊन त्यानं विचारलं, आता तरी त्या कानडी लोकांना फोन कराल का? मी म्हणाले, करते, माझ्या लेकीचं जमलं की लगेच.

तेव्हापासून माझ्या लेकीसाठी स्थळं तोच शोधतो. लोहाऱ्याला जातो, कळंबला जातो, उन्हातान्हात फटफटीवर फिरतो, आणि ते बघून माझा जीव गार होतो. गेल्या आठवड्यात त्यानं एक स्थळ आणलं. शिकलेला मुलगा, घरचं चांगलं, माणसं मोकळी. खोट काढायला कुठं जागाच नव्हती. लेक माडीवर होती. तिला न विचारताच मी नको म्हणून सांगितलं.