खापर चाखणारे मुन्शीजी

खापराचा तुकडा जिभेला लावून त्याचं वय सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वाटेत पडलेलं खापर मुन्शीजी उचलायचे, शेरवानीच्या बाहीला पुसायचे, जिभेच्या टोकावर ठेवायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "हजार साल. कमसे कम." गावच्या बायका आधी घाबरल्या, मग हसायला लागल्या. एकदा असंच एक खापर त्यांनी हजार वर्षांचं ठरवलं, तर मागून गंगूआत्या म्हणाली, "मुन्शीजी, माझी घागर हाय ती. परवाच्या बाजारी फुटली." दुसरा कोणी असता तर वाद घातला असता. यांनी खिशातून लाल कापडाची वही काढली आणि उभ्या उभ्या लिहून घेतलं. ती त्यांची चुकांची वही. "आलिम, म्हणजे पंडित लोक दुसऱ्याच्या चुका लिहून मोठे होतात," ते म्हणायचे. "मी माझ्याच लिहितो. माल कधी कमी पडत नाही."

मुन्शीजी मूळचे हैदराबादचे. तरुणपणी इराणात गेले. तिथं जुनी शहरं उकरणाऱ्या गोऱ्या साहेबांचे ते मुन्शी होते. साहेब कंटाळून घरी गेले तरी हे बारा वर्षं उकरतच राहिले. फारसीत दोन जाडजूड किताबा लिहिल्या, एक इराणच्या जुन्या दारा बादशहाच्या जळालेल्या महालावर, दुसरी त्याच्या दगडांवरच्या लिपीवर. तिसरी पाण्यावर चालली होती. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या भुयारातून गावापर्यंत आणायची इराणी रीत, तिला ते करेज म्हणत. बीडच्या खजाना विहिरीलाही तसंच भुयार, म्हणून निजाम सरकारची चिठ्ठी घेऊन ते इकडे आले आणि लिंबागणेशाच्या वाटेवरच्या आमच्या गावात, चावडीत उतरले. "महाल जळाला किसन, करेज वाहतोय," असं मला सांगत. "आता तूच बोल, बादशाह कोण?"

मी विहिरी पाडणारा माणूस. शाळा तीन इयत्ता. चौथीत मास्तरांचं गणित चुकलं आणि ते मानायला तयार होईनात, म्हणून मी शाळा सोडली. पण जमिनीच्या पोटातलं मला कळतं, हे तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो.

एके दिवशी मुन्शीजींनी पारावर बसून करेजचं प्रकरण आम्हाला वाचून दाखवलं, फारसीचं मराठी करत करत. सोमवारी ते टपालाने हैदराबादच्या छापखान्यात जायचं होतं. त्यात लिहिलं होतं की, आधी डोंगरात मुख्य विहीर पाडायची, पाणी लागलं की तिच्या तळातून गावाकडे भुयार खोदत यायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही.

"मंग खोदणारे बुडाले कसे न्हाईत?" मी विचारलं.

"कावून बुडतील बे?"

"पाणी त्यांच्या मागून येणार की. म्होरं माती, मागं पाणी. भुयार खालच्या तोंडाकडून वर खोदत न्यावं लागतंय. मंग पाणी लागलं की पायाखालून निघून जातंय."

"किसन, मी बारा साल इराणात होतो."

"मी जल्मभर खड्ड्यात हाय."

पार हसला. मुन्शीजी मात्र ती पानं परत उलटून पाहू लागले. गलत छापलं तर इराणातले आलिम दाढी पांढरी होईपर्यंत हसतील, असं पुटपुटले. गंगूआत्या म्हणाली की दाढी तर कवाच पांढरी झालीय. मग पैज लागली. मी हरलो तर माझी मिशी जाईल, ते हरले तर त्यांचं प्रकरण फाटेल. माझी मिशी तेव्हा पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. त्यांच्या प्रकरणाला दोन वर्षं लागली होती. पैज बरोबरीची होती, असं माझं मत.

ओढ्याच्या उतारावर माझा एक डबरा होता, दोन पुरुष खोल, तळाला पाणी. आम्ही बादल्यांनी पाणी उपसून दिलं. मुन्शीजींनी शेरवानी गंगूआत्याकडे दिली, पायजमा गुडघ्यावर घेतला, कमरेला दोर बांधला आणि कुदळ घेऊन स्वतः उतरले. तळातून ओढ्याच्या दिशेने खोदायला लागले. म्हातारा माणूस, पण कुदळ अशी मारायचा की मला आतून बरं वाटलं. दुपारपर्यंत त्यांनी आत शिरण्याइतकं भोक पाडलं आणि कंदील घेऊन, इराणी गाणं म्हणत त्यात शिरले. इकडे डबऱ्याच्या तळातल्या झऱ्याला पुन्हा पाझर फुटला होताच. पाणी उताराने निघालं ते थेट त्यांच्या मागे. आधी गाणं थांबलं, मग कंदील विझला, मग दोराला हिसका बसला.

मी वरून विचारलं, "मुन्शीजी, पानं फाडायची का?"

"पहिले ओढ बे! बहस नंतर."

ओढलं. वर आले ते दाढीपासून टाचेपर्यंत चिखल. आम्हाला वाटलं, आता चिडणार. ते मटकन खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "बारा साल," ते म्हणाले, "बारा साल सुकलेल्या करेजांतून फिरलो. वाहत्या करेजात मला कोण उतरू देणार? ओला कधी पाहिलाच नाही." तिथंच त्यांनी प्रकरण मागवलं, चिखलाच्या हातांनी फाडलं आणि लाल वहीत एक ओळ लिहिली. सोमवारचं टपाल त्यांच्या कागदांविना गेलं. किताब एक वर्ष लांबली.

मग मी ओढ्याकडून वर खोदत गेलो. आठव्या दिवशी पाणी लागलं आणि माझ्या पायांवरून निघून गेलं. तोंडाशी मुन्शीजी कागद मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी पहिली ओंजळ प्यायली आणि मला "उस्ताद" म्हणाले. त्यानंतर परत किसन कधी म्हणाले नाहीत.

जाताना त्यांनी ओढ्याच्या ओल्या मातीची एक वीट थापली आणि बोरूने त्यात खिळ्यांसारखी अक्षरं दाबली. "दारा बादशहाचं नाव ह्याच लिपीत आहे. हे तुझं." कुंभाराच्या भट्टीत ती भाजून घेतली आणि मी भुयारातून निघालेल्या माझ्या पाटाच्या तोंडाशी बसवली. मुन्शीजी परत इराणात गेले.

दोन वर्षांनी किताब आली. बीडच्या मौलवींनी माझं पान शोधून वाचलं, "ही गोष्ट मला एका विहीर पाडणाऱ्या उस्तादाने शिकवली. माणूस हट्टी आहे, पण बरोबर आहे." मी म्हणालो, हट्टी काढायला लावा. मौलवी म्हणाले, छापलेलं निघत नसतं. तरी मी त्यांच्याकडून पत्र लिहवून घेतलं. उत्तर मुन्शीजींच्या पुतण्याचं आलं. मुन्शीजी वारले होते.

त्या दिवशी मी ओढ्यावर गेलो. पाट वाहत होता, गंगूआत्याची मेथी भिजत होती. विटेवरच्या खिळ्यांतलं माझं नाव मला आजही वाचता येत नाही. कोणी बघत नाही असं पाहून मी वाकलो आणि विटेला जीभ लावली. माती आमच्याच ओढ्याची होती. वय विचाराल, तर हजार साल. कमसे कम.