खांदे पाहणारे मामाजी

आमचे मामेसासरे माणसं तोंडावरून नाही, खांद्यावरून ओळखतात. नागपूरच्या एका दवाखान्यात त्यांनी जन्मभर फिजिओथेरपी केली. आता पांढुर्ण्यात निवृत्त आहेत, म्हणजे तेच काम फुकट करतात. भेटल्यावर कुणी हात पुढे केला की ते तो हळूच खाली ओढतात, सांधा सैल होऊन खांद्याच्या हाडाखाली खळगा पडतो का पाहतात, आणि मगच "बसा" म्हणतात. जामसांवलीला मारुतीच्या देवळात घंटेसाठी लोकांचे हात वर जातात, तेव्हा यांचं देवाकडे लक्षच नसतं. सौसरच्या एका लग्नात नवरदेवाचा हात हारासकट अर्ध्यातच थांबला. पोराच्या मनात दुसरीच कोणी आहे, अशी मांडवभर कुजबुज. नवरीचा बाप घामाघूम. मामाजी तडक स्टेजवर चढले. "अहो, पोरगी पसंत आहे त्याले! खांदा सरकते म्हणून भेऊन राहिला." नवरीनं मान खाली केली, हार गळ्यात पडला, आणि मामाजींना मानानं पहिल्या पंगतीत बसवलं.

मला या सगळ्याचं हसू यायचं. मग पाळी आमच्या पोरीची आली. पोलीस भरती पंधरा दिवसांवर होती आणि ती रोज तिथल्या चाचणीसाठी गोळाफेकीचा सराव करायची. मामाजींनी तिला खाटेवर निजवलं, हात बाजूला घेऊन कोपर वाकवलं आणि हळूहळू मागे वळवू लागले.

"दुखते का?"

"नाही आबाजी."

पण चेहरा पांढराफटक, आणि दुसऱ्या हातानं तिनं त्यांचं मनगट गच्च धरलेलं. त्यांनी समोरून खांद्यावर तळवा दाबला, तसा तिनं श्वास सोडला.

"हिचाही खांदा सरकते. यंदा गोळा नाही," ते म्हणाले.

मी भडकलो. "मामाजी, पोरीचं वरीस जाऊन राहिलं ना!"

"जाऊ द्या, जावईबापू. मैदानात खांदा निखळला तं वर्दीच जाईन."

तीन महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र रोज सकाळी सायकलची जुनी ट्यूब घेऊन यायचे, ती खिडकीच्या गजाला बांधायचे, खांदा घट्ट व्हावा म्हणून पोरीकडून ओढून घ्यायचे आणि माझ्या घरचा चहा पिऊन जायचे.

पुढच्या भरतीत तिची निवड झाली. पहिला फोन तिनं मला नाही, त्यांना केला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या खाटेपाशी तिला 'यंदा नाही' म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती, हे पोरीला बरोबर ठाऊक होतं.