सत्कार चालू असताना पेटीत

नवऱ्याने एका जुन्या, गाजलेल्या रहस्यकादंबरीचं नाटक बसवलं आणि प्रेताचं काम मला दिलं. "संवाद कमी आहेत, तुला जमेल," हे वर. पहिल्या अंकात माझा खून व्हायचा, मला लाकडी पेटीत कोंबायचे आणि शेवटी मी त्याच पेटीतून जिवंत उठून खुन्याकडे बोट दाखवायचे. सगळं रहस्य त्या एका बोटावर टेकलेलं. मधल्या वेळात मी पेटीची मागची फळी सरकवून हळूच विंगेत जायचे आणि चहा प्यायचे. तळेगावात हे सगळं झकास पार पडलं.

मग इंदुरीच्या यात्रेत प्रयोग लागला. रंगमंच लहान, म्हणून नवऱ्याने स्वतः पेटी मागच्या भिंतीला टेकवली. आत गेल्यावर फळी सरकेना. काढू थोडी कळ, म्हटलं. तेवढ्यात नाटकच थांबलं. गावात नाटक रंगात आलं की मध्येच सत्कार होतात, हे आमच्या हुशार दिग्दर्शकाच्या गावीही नव्हतं. शाल, नारळ, टाळ्या, पुन्हा नारळ. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा सत्काराला आलेल्या एका आबांना पेटीवरच बसवलं.

आत वार्निशचा वास, गुडघे हनुवटीला टेकलेले. श्वास पुरेना, तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. रहस्य गेलं खड्ड्यात, म्हणत मी झाकणावर मुठी आपटल्या.

"हितं आतून कोनतरी वाजवतंय," आबा म्हणाले.

"बसा आबा, तो नाटकाचाच भाग आहे," माईकवरून नवऱ्याचा आवाज आला. लोक हसले. मी आत आहे हे त्या मांडवात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मी पुन्हा मुठी आपटल्या. आबा उठले. "नाटक असंल तर असू द्या. आत मानूस हाय."

झाकण उघडलं. मेलेली बाई अख्ख्या गावासमोर धापा टाकत बसली. आबांनी आपली सत्काराची शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि पाणी मागवलं. मला रडू आवरेना.

परतताना गाडी घराशी आल्यावर नवरा म्हणाला, "एकच सत्कार उरला होता गं. जरा थांबता आलं नसतं?"

इतका संताप आला की उतरताना मी गाडीचं दार धाडकन आपटलं.

पुढच्या आठवड्यात लोणावळ्याचा प्रयोग ठरला. मी एवढंच विचारलं, "पेटी कुठे ठेवणार आहेस?"