सुनीतीबाईंचा फ्रिज

रायपुरात आमच्या बुढापारा मोहल्ल्यात बातमी उठली, की सुनीतीबाईंच्या खानदानातच रक्ताचा कॅन्सर आहे अन् बाई तो दडवून पोरगी उजवून राहिली. बातमी अर्धीच खरी. कॅन्सर आहे, खानदानात नाही. नवरा नरहर पानठेल्यावर सांगून बसला, ‘जीन की जाँच हुई है.’ जीन म्हटलं की आमच्या लोकांना एकच कळतं, पिढीजात. संध्याकाळच्या आत ते चौबे कॉलोनीत, पोरीच्या, म्हणजे गंधालीच्या होणाऱ्या सासरी पोचलं.

रायपूरच्या मराठी घरांतली स्थळं आजवर हीच बाई जुळवत आली. तिची एक रीत. स्थळाच्या घरी गेली की, ‘बसा वहिनी, थंड पाणी मीच घेतो,’ म्हणत फ्रिज उघडायची. आत इन्सुलिन दिसलं की स्थळ बाद. गल्लीतल्या श्रावणीचं ठरलेलं लग्न तिनं बापाच्या इन्सुलिनवरून मोडलं. श्रावणी अजून माहेरीच आहे. त्यामुळे सुनीतीबाईंचे केस गळाले तेव्हा गल्ली हळहळली, पण बेतानं.

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. हाडांच्या मज्जेतली कोवळी लढाऊ पेशी जंतू ओळखायला आपल्या जीनचे तुकडे कापून नव्यानं जोडते. प्रत्येकीची जोड वेगळी. बाईंची एक पेशी बिघडली अन् वाढतच सुटली. तिच्या साऱ्या पिल्लावळीत तीच जोड. औषधांनंतर तीच खूण शोधायची, म्हणजे रोग किती उरला ते कळतं. ही जोड आईकडून आलेली नाही, पोरीकडे जाणार नाही.

खूण शोधली. उरली होती.

त्याच आठवड्यात होणारी विहीण मंदाकिनीबाई आल्या, मागे सफरचंदांची पिशवी धरून नवरदेव अनिमेष. मी साखर मागायला गेले होते; गेलेच होते, तर बसले.

‘बसा हो सुनीतीताई, थंड पाणी मीच घेतो,’ म्हणत मंदाकिनीबाईंनी फ्रिज उघडला. शिकवण कोणाची, सांगायला नको.

‘हे काय हो?’

‘माहं कॅन्सरचं इंजेक्शन. बाजूले दही आहे, पाहिजे तर घ्या.’

‘आमचं काही नाही हो. पण उद्या नातवंडाले झालं म्हणजे?’

गंधाली उठली. ‘आंटी, वो सिर्फ़ उन बीमार सेल्स में है. मुझमें नहीं है. डॉक्टर से पूछ लीजिए.’

मंदाकिनीबाई गोड हसल्या. ‘बेटा, बापाचं इन्सुलिन श्रावणीत तरी कुठं होतं? तुझ्या आईनं विचारलं होतं का डॉक्टरले?’

सुनीतीबाईंकडे पाहायची माझीही हिंमत झाली नाही. म्हणजे, पाहिलं.

‘अनिमेष, तुम तो कुछ बोलो,’ गंधाली म्हणाली.

अनिमेषनं आईकडे पाहिलं, मग सफरचंदांकडे.

‘अंगठी तेवढी दे, बेटा,’ मंदाकिनीबाईंनी हात पुढे केला. पोरीनं काढून दिली.

सुनीतीबाईंनी टकलावरचा रुमाल सारखा केला अन् म्हणाल्या, ‘मंदाकिनीबाई, माहा रोग माह्यासंगच जाईल, पोट्टीत उतरत नाही. तुम्ही मात्र पोट्ट्यात पुऱ्या उतरल्या.’