चोवीस नंबरचं खोकं

खांबेट्यांच्या घरात मिक्सर बिघडला तर मिक्सर फेकतात, खोकं ठेवतात.

राजनराव खांबेट्यांच्या विम्याच्या नोकरीत अकरा बदल्या झाल्या. मिरजेहून निघालेला हा माणूस रायपूर, भोपाळ, जबलपूर करत जयपूरला पोहोचला आणि निवृत्त झाल्यावर वैशाली नगरातच राहिला, कारण पुढची ऑर्डर आलीच नाही. माळ्यावर मात्र चोवीस खोकी घडी करून, लाल शाईने नंबर टाकून तयार. ऑर्डर आली की हातात पंधरा दिवस, आणि त्या पंधरा दिवसांची त्यांची एक पद्धत. आधी पोराचा शाळेचा दाखला, मग गॅसचं कार्ड, मग खोकी. एक नंबरात रजया. चोवीस नंबरात देव आणि कुकर. "नव्या गावात दोघांची गरज एकदमच लागते," असं ते सांगत.

मी त्यांचा शेजारी, बँकेतून निवृत्त झालेला, म्हणजे बदलीचाच प्राणी. या पद्धतीची टिंगल करणं हा माझा रविवारचा कार्यक्रम होता.

एप्रिलमधल्या एका सोमवारी त्यांच्या निनादला बंगळुरूच्या कंपनीची ऑफर आली. निनाद एकोणतीस वर्षांचा, जगतपुऱ्याकडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. उत्तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत द्यायचं होतं. मुलगा इतका विचारी की चहात साखर घालण्यापूर्वीही दोन्ही बाजू ऐकून घेईल. त्याने लॅपटॉपवर तक्ता केला. पगार, घरभाडं, ट्रॅफिक, पाणी. तिथल्या दोन खोल्यांच्या भाड्यात जयपुरात अख्खं घर मिळालं असतं, गच्चीवरचा मोर फुकट. शेवटच्या रकान्यावर 'आई-बाबा' लिहिलेलं होतं. तो रिकामा होता.

"काका, मतलब, पैसे फार नाही उरणार," निनाद म्हणाला. "पण जे काम आहे ना, ते इथं दहा साल थांबलो तरी नाही मिळणार."

"मग घोडं कुठं अडलंय?"

"बाबा ठीक असतील तर मी जातो. ठीक आहेत ना ते?"

"तुझे बाबा? अरे, तो माणूस आपल्या सगळ्यांना नंबर टाकून खोक्यात भरेल आणि वर उरेल!"

तेवढ्यात आतून राजनरावांचा आवाज आला, "विचार कसला करताय? ऑर्डर आली की निघायचं!"

आम्ही सगळे हसलो.

मंगळवारी खोकी माळ्यावरून उतरली. "राजनराव, पोराने अजून हो म्हटलेलं नाही," मी म्हणालो. "आणि बंगळुरूला रजई नेऊन करायचं काय?"

"एक नंबर झाला," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

बुधवारी पडदे उतरले. एप्रिलचं ऊन थेट हॉलमध्ये येऊन बसलं. नऊ नंबरच्या खोक्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'निनाद – खेळणी'. मी आत डोकावलो. लॅपटॉपचा जुना चार्जर, हेडफोन आणि निनादचं ऑफिसचं ओळखपत्र, जे तो सकाळपासून शोधत होता.

मी हसलो. मोठ्याने हसलो. मधुमती वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"भावोजी, दिवाळीपासून चाललंय हे. मागच्या महिन्यात इथल्या जवळच्या सोडाल्याच्या बाजारातून घरी यायला तीन तास लागले त्यांना. दूधवाल्याला भोपाळच्या दूधवाल्याच्या नावाने हाक मारतात."

"निनादला माहीत आहे?"

"शुक्रवारपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला. कळलं तर तो राहील. आमचा जन्म दुसऱ्याच्या ऑर्डरीवर गेला, त्याने तरी एकदा स्वतःच्या मर्जीने कुठे जावं."

बाहेर हॉलमध्ये चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. कर्र. थांबायचा. पुन्हा कर्र.

गुरुवारी अकरा वाजता निनादचा फोन. "काका, माझ्या शाळेतून फोन होता. बाबा तिथं बसलेत. मी निघालोय, पण जगतपुऱ्याहून तास लागेल. तुम्ही जाता?"

शाळा घरापासून दहा मिनिटांवर. निनाद तिथूनच बारावी झाला होता. ऑफिसबाहेरच्या बाकावर राजनराव इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर फाइल घेऊन बसले होते. सुखदेवजी म्हणजे तिथले जुने क्लार्क. त्यांनी मुकाट्याने एक अर्ज माझ्या हातात दिला. मोत्यासारखं अक्षर. 'मेरा तबादला हो जाने के कारण मेरे पुत्र निनाद, कक्षा पाँच, की टीसी देने की कृपा करें.' खाली तारीख. तारीख आजची, अगदी बरोबर.

"पाँचवीं की लिस्ट में ढूँढता रहा मैं," सुखदेवजी हळू आवाजात म्हणाले. "फिर शक्ल याद आई."

निनाद आला तो हेल्मेटसकट धावतच. राजनरावांनी हात करून त्याला थांबवलं.

"भैया, पाँचवीं की छुट्टी हो गई क्या?"

निनादने हेल्मेट काढलं. राजनराव त्याच्याकडे बघत राहिले, काउंटरवरच्या अनोळखी माणसाकडे बघावं तसे. मी मनात मोजायला लागलो. चारपर्यंत आलो.

"अरे, तू?" राजनराव म्हणाले. "जेवलास का?"

"जेवलो, बाबा," निनाद म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"कालपासून."

मी अर्जाची घडी करून खिशात घातली.

शुक्रवारी साडेअकराला मी त्यांच्याकडे होतो. तेवीस खोकी बांधून झाली होती. वहिनी निनादसमोर उभ्या होत्या. "तू जा. मी आहे ना इथं."

"आई, तो रकाना भरला," निनाद म्हणाला. त्याने चार ओळी लिहिल्या, दोनदा वाचल्या, पाठवल्या. लॅपटॉप मिटून तो राजनरावांशेजारी जमिनीवर जाऊन बसला.

"बाबा, बदली रद्द झाली."

राजनरावांच्या हातातून चिकटपट्टी पडली. अकरा बदल्या, अकरा वेळा रद्द करण्याचे अर्ज, आणि अकरा वेळा नामंजूर! त्यांनी मुलाला मिठी मारली, वहिनींचे हात धरले आणि मला कचोरी आणायला पिटाळलं. संध्याकाळपर्यंत रजया कपाटात गेल्या, पडदे चढले, देव देव्हाऱ्यात बसले. इतका आनंदी माणूस मी त्या घरात कधी पाहिला नव्हता. वहिनी कचोरीचा तुकडा हातात धरून नुसत्या बसल्या होत्या.

मी रिकामी खोकी घडी करून माळ्यावर टाकायला घेतली. राजनरावांनी माझं मनगट धरलं. पकड चांगली घट्ट होती.

"राहू द्या," ते शांतपणे म्हणाले. "रद्द झालेली ऑर्डर परत निघते. दुसऱ्या खेपेला पंधरा दिवस देत नाहीत."

चोवीस नंबरचं खोकं त्यांनी दाराशी नेऊन ठेवलं, तोंड उघडं ठेवून. झोपण्यापूर्वी निनादने ते उचलून आत आणलं.

सकाळी मी दूध घ्यायला बाहेर आलो, तेव्हा ते पुन्हा दाराशी होतं. आत कुकर होता.