अब्बांचं नाक आणि पूलचं पाणी

मला धीर म्हणून नाही. चहा उकळेपर्यंत गॅसपाशी उभं राहणं माझ्याच्यानं होत नाही, आणि नशिबी आलं काय, तर पाणी! पाण्याइतकं सावकाश कुणी नाही.

दौंडला एका मंगल कार्यालयामागं छोटा स्विमिंग पूल आहे. तिथं मी पोहायला शिकवते. फक्त बायकांसाठी एक तास द्या, म्हणून मालकाच्या मागं मी दोन वर्षं लागले होते. शेवटी वैतागून ते म्हणाले, "रविवार घ्या. पण पहिल्या दिवशी दहाजणी तरी पाण्यात दिसल्या पाहिजेत. नाहीतर विषय संपला." दारोदार फिरून मी चौदाजणी जमवल्या. कुणाच्या सासूला समजावलं, कुणाच्या नवऱ्याला. त्यातली एकही जन्मात पूलमध्ये उतरली नव्हती. डोळे चुरचुरले, अंगाला खाज सुटली, की दुसऱ्यांदा कोण येतंय!

आणि नेमका त्याच आठवड्यात फुटक्या फरशा बदलायला पूल निम्मा उपसला. शुक्रवारी बोअरचं पाणी भरलं. हे पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. शनिवारी सकाळी तपासलं तर पीएचची नळी गडद गुलाबी झाली, म्हणजे पीएच फार चढलेला, आणि क्लोरीनची कोरीच राहिली. आता आधी ॲसिड, मग पंप चालू ठेवून चार तास थांबायचं, पुन्हा तपासायचं, आणि त्यानंतर टीसीएल, म्हणजे गावाच्या टाकीत टाकतात तीच क्लोरीनची पावडर. ॲसिड आणि पावडर एकत्र आली तर विषारी वायू निघतो, त्यामुळं घाई करून चालत नाही. हे सगळं मला पाठ आहे. पण ते चार तास! पूलभोवती फेऱ्या मारल्या, जाळी फिरवून पाण्यात नसलेली पानं काढली, तीनदा आंघोळीच्या खोल्या धुतल्या.

त्यात क्लोरीन तपासायच्या औषधाचे एका वेळेपुरतेच थेंब बाटलीत उरलेले. ते मी रविवारसाठी राखून ठेवले आणि अब्बांना फोन लावला.

अब्बा, माझे वडील. नदीपलीकडं शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावाला त्यांनी तीस वर्षं पाणी सोडलं. टाकीत पावडर टाकायची, तळहातावर पाणी घेऊन चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि म्हणायचं, "अजून मूठभर." तपासणीला आलेल्या साहेबांची नळी आणि अब्बांचं नाक कधी वेगळं बोललं नाही. गुडघे दुखतात म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी ते काम सोडलं. घरात आमची बोली दखनी, पण पाण्याचा विषय निघाला की अब्बा गावच्या मराठीवर येतात.

दुपारी ते आले, तोवर चार तास झाले होते आणि पीएच उतरला होता. मी बादलीत पावडर कालवली, पावडरीतला चुना खाली बसू दिला, वरची निवळ पूलमध्ये सोडली. पंपानं पाणी फिरल्यावर अब्बांनी तळहात चोळून नाकाशी नेला.

"न्हाई अजून. टाक."

दुसरी बादली झाली. "फिकंच हाय." तिसरी झाली. "टाक की, हात का आखडतीस?"

माझं नाक रोज त्याच वासात, त्याला काही कळेनासं झालंय. अब्बांच्या नाकावर मात्र माझा डोळे झाकून भरवसा. पाच बादल्या झाल्यावर ते म्हणाले, "आता झालं आसंल." असेल? अब्बा कधी 'असेल' म्हणत नाहीत. मला ते खटकलं, पण थांबून विचार करील ती मी कसली!

रविवारी सकाळी पहिली आली ती पन्नाशीतली एक मावशी. उत्साहानं पोहायचे कपडे गाऊनच्या आतच घालून आली होती. फाटकातच थबकली आणि ओढणी नाकाला लावली.

"अगं बाई, केवढा उग्र वास! आमचे हे कुरकुंभला केमिकल कंपनीत आहेत ना, त्यांच्या कपड्यांना येतो अगदी तसा!"

मागच्या दोघी खोकायला लागल्या. बघता बघता चौदाही जणी फाटकात जमल्या.

"कुठं काय?" रात्री माझ्याकडंच राहिलेले अब्बा म्हणाले.

मी धावत जाऊन नळी भरली, राखलेले थेंब टाकले. फिका पिवळा रंग यायला हवा होता, आला विटकरी, म्हणजे क्लोरीन कितीतरी जास्त. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर ओरडले, "अब्बा, काय केलंत हे! दोन वर्षं घालवली मी यासाठी!" तेवढ्यानं भागेना. पावडरीचा ड्रम ओढत आणला, झाकण उघडलं. "याचा तरी येतो का वास?"

झाकण उघडताच मी स्वतः दोन पावलं मागं सरले. अब्बा वाकले, ड्रमवर तोंड नेऊन त्यांनी श्वास ओढला. डोळ्यांत पाणी आलं, पण मान काही मागं झाली नाही.

"न्हाई येत," ते हळूच म्हणाले. "कोरोना झाला तवापासनं न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं! दर ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन "वा, काय सुगंध सुटलाय" म्हणणारा माणूस, आणि आम्हाला पत्ता नाही. मी त्यांना चौदाजणींसमोर ड्रम हुंगायला लावला होता.

बायकांना खोटं सांगवेना. "पाणी कडक झालंय, चूक माझी आहे. उन्हानं क्लोरीन उतरेल. चार वाजता याल का?" कुणी हो म्हणालं, कुणी नुसतीच मान हलवली.

त्या गेल्या आणि मागं वळून बघते तर अब्बाही नाहीत. रुसून गावी गेले, असंच वाटलं मला. मे महिन्याचं ऊन पाण्यावर तापत होतं, पंप घरघरत होता आणि मी अनवाणी फेऱ्या मारून पाय भाजून घेत होते. तीन वाजता अब्बा परतले, हातात थेंबांची नवी बाटली. बाजार पालथा घालून आणली होती. पायऱ्या भराभर चढले.

मी नळी भरली, त्यांनी थेंब मोजून टाकले. फिका पिवळा! पीएचही जागेवर होता. चारला एकेक करून बायका यायला लागल्या. आठ, नऊ... माझा जीव टांगणीला. अकरा आल्या! मावशींनी पायरीवर उभं राहून विचारलं, "चाचा, उतरू ना?"

अब्बांनी नळी त्यांच्या हातात दिली. "माझ्या नाकाचं काय खरं न्हाई. रंग बघा, मग उतरा."

नळी अकराजणींच्या हातून फिरली. मग नुसत्या किंचाळ्या आणि हसू. मी कमरेभर पाण्यात, अब्बा काठावर, बायकांकडं पाठ करून बसलेले.

"गुडघे दुखतच नव्हते ना?" मी विचारलं.

"न्हाई. वास येईना, मग लोकांच्या लेकराबाळांना पाणी कसं पाजायचं? सोडलं काम."

"मग काल मला का नाही सांगितलंत?"

अब्बांनी नळी सदऱ्याला पुसली.

"गावाला न्हाई म्हणलो. तू हाक मारलीस, तुला कसं न्हाई म्हणू?"