प्रश्नवहीतलं फाडलेलं पान

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आमच्या शाळेच्या प्रश्नवहीतलं एक पान मी फाडलं होतं.

बोरीजवळच्या एका गावात मी नवाच मास्तर. शिकलो होतो इतिहास, गळ्यात पडलं आठवीचं विज्ञान. पोरांनी काही विचारलं की घाम फुटायचा. म्हणून खिडकीच्या गजाला एक वही बांधली. अडेल त्यानं प्रश्न लिहायचा, नाव न घालता. येईल त्यानं खाली उत्तर लिहायचं. मी सगळ्यात शेवटी लिहीन. तेवढ्यात मला पुस्तक चाळायला वेळ मिळायचा, खरं कारण हेच.

पण पोरं पेटली. वीज आधी दिसते अन् गडगडाट मागून का, याखाली सात उत्तरं. एकानं लिहिलं, "नदीपल्याड बाई धुणं आपटती ते आधी दिसतंय, आवाज मागून येतोय." असं मला जन्मात सुचलं नसतं. विज्ञान मी त्या पोरांकडूनच शिकलो.

मग एक दिवस वहीत आलं: "आमाला शाळंच्या रांजणाला हात का लावू देत न्हाईत? पाणी वरून का ओततेत?"

अक्षर मी ओळखलं. गावाबाहेरच्या वस्तीतली, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी.

खाली उत्तरं पडली होती. "पहिल्यापासून असंच हाय." "पाण्याला काय कळतंय?" "आज्जीला इचारलं, ती म्हनली गप बस." आता पाळी माझी होती. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव वातावरण तापलेलं, वस्त्यांवर हल्ले होत होते. वही कुणा पुढाऱ्याच्या हाती लागली तर? शाळा सुटल्यावर मी पट्टी लावून पान फाडलं आणि चुलीत घातलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, पान कुठंय? तुमचं लिवायचं राह्यलं होतं."

"उंदरानं कुरतडलं असेल."

मागच्या बाकावरून आवाज आला, "लय शिकलेला उंदीर हाय सर, पट्टी लावून फाडायलाय!"

वर्ग हसला. मीही हसलो. ती नाही हसली. "बरं सर," म्हणाली आणि बसली.

मला वाटलं, वही आता संपली. पण मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरचा तोच पोरगा रांजणापाशी ओंजळ धरून उभा राहिला आणि तिला म्हणाला, "ए, मला ओत की." ती जागची हलेना. "ओत गं, तहान लागलीय." तिनं ओगराळं घेतलं, रांजणात बुडवलं. मग एकेक करून सगळ्यांनीच ओंजळी धरल्या. मी व्हरांड्यात उभा होतो. अडवलं नाही, एवढंच माझ्या हातून घडलं.

चार दिवसांनी तिनं वहीत नवा प्रश्न लिहिला, चंद्रग्रहणाचा. खोटं बोललेल्या मास्तराला तिनं पुन्हा विचारलं, त्या बळावर मी पुढची सगळी वर्षं शिकवलं.

ती आता गंगाखेडला असते. एसटीनं जाता येतं. मी गेलेलो नाही. पान मी फाडलं, हे तिच्यासमोर बसून सांगणं मी तिचं देणं लागतो. आणि तिच्या प्रश्नाचं माझं उत्तरही.